कायमच्या नरकावर विश्वास ठेवणं नैतिक आहे का?

१८४४-४५ च्या सुमारास काशीत एक विशीतला चित्पावन शास्त्री मिशनऱ्यांच्या धर्माविरुद्ध संस्कृतात ग्रंथ लिहीत होता. त्यांचं नाव नीळकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५ चा, झाशीजवळचा, बुंदेलखंडात स्थिरावलेल्या मराठी घरातला. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' हे संस्कृत पुस्तक काढून पंडितांना आव्हान दिलं होतं. काशीत विल्यम स्मिथ नावाचे मिशनरीही प्रवचनं देत आणि वाद घालत. गोऱ्ह्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिलं. त्यातला एक आक्षेप आजही तितकाच बोचतो. तुमच्या मते माणसाला जन्म एकच. कुणी आंधळा जन्मतो, कुणी राजाच्या घरी, आणि या फरकाला पूर्वकर्माचं कारणही नाही. अशा असमान परिस्थितीत मिळालेल्या चार दिवसांच्या आयुष्यात जो चुकला, किंवा ज्याच्या कानावर ख्रिस्ताचं नावही कधी पडलं नाही, त्याला मेल्यावर कधीच न संपणारी शिक्षा. हे ज्याने ठरवलं त्याला न्यायी आणि दयाळू कसं म्हणायचं?

मार्च १८४८ मध्ये हेच गोऱ्हे बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, त्यांनी अनंत शिक्षेच्या सिद्धांतावरच्या आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका लिहिली. म्हणजे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी मनापासून लढलेला माणूस आपल्यातच होऊन गेला. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून केली.

मेल्यावर नरक आहे की नाही, हे या लेखात ठरणार नाही. ते कुणालाच ठरवता येणार नाही. माझा प्रश्न जिवंत माणसांबद्दलचा आहे. कधीही न संपणारी शिक्षा आहे असं मानणं, ती योग्य आहे असं म्हणणं, ती मुलांना शिकवणं, याकडे नीतीच्या नजरेतून पाहिलं तर काय दिसतं?

सिद्धांत नेमका काय आहे

'नरक' म्हटलं की आपल्याकडे गरुडपुराण आठवतं. घरात कुणी गेल्यावर दहा-बारा दिवस ते वाचतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरकांची यादी आहे: तामिस्र, रौरव, कुंभीपाक, असिपत्रवन वगैरे. जत्रेत मिळणाऱ्या यमपुरीच्या चित्रात तेलाच्या कढया, करवती, साप, आणि खाली कोणत्या पापाला कोणती शिक्षा हे लिहिलेलं असतं. ही चित्रं क्रूर आहेत आणि त्यांनीही पिढ्यानपिढ्या मुलांची झोप उडवली आहे. पण त्या प्रत्येक शिक्षेला मुदत आहे. भोग संपला की जीव सुटतो आणि पुन्हा जन्माला येतो. जैनांच्या सातव्या नरकातलं कमाल आयुष्य तेहतीस सागरोपम, म्हणजे आपल्या गणिताच्या पलीकडचं. बौद्धांचा अवीची नरकही तसाच भयंकर लांब. तरी दोन्हीला शेवट आहे.

ख्रिस्ती परंपरेतल्या मुख्य धारेने मात्र शेवट नसलेली शिक्षा मानली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी केल्यासारखा न्यायनिवाडा आहे, आणि डाव्या बाजूच्यांना 'सार्वकालिक शिक्षा' सांगितली आहे. (त्या उताऱ्यात निवाड्याची कसोटी श्रद्धा ही नाहीच. भुकेल्याला खाऊ घातलंत का, उघड्याला वस्त्र दिलंत का, तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का, हे तिथे विचारलं आहे. ज्यांनी पुढे हा उतारा परधर्मीयांना धाक घालायला वापरला, त्यांनी तो पुरता वाचला नसावा.) तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला वाटे की शेवटी सगळेच देवाकडे परततील, शिक्षा ही शुद्धीसाठी आहे. सहाव्या शतकात, सम्राट जस्टिनियनच्या काळात, या मताला पाखंड ठरवण्यात आलं. पश्चिमेत त्याआधीच ऑगस्टीन या बिशपने अनंत शिक्षेच्या बाजूने मोठा युक्तिवाद रचून ठेवला होता. पण त्याच्याच लिखाणावरून कळतं की त्याच्या काळातल्या पुष्कळ ख्रिस्ती लोकांना हे पटत नव्हतं. त्यांना तो 'कनवाळू' म्हणतो. कणव तेव्हाही होती आणि ती चर्चच्या आतच होती.

इस्लाममध्येही अश्रद्धांसाठी अनंत अग्नी हे बहुसंख्य पंडितांचं मत राहिलं. चौदाव्या शतकात इब्न तैमिया आणि त्याचा शिष्य इब्न अल-कय्यिम यांनी मात्र ती आग कधीतरी विझेल या बाजूचे युक्तिवाद मांडले.

मराठीत ही कल्पना जुनीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त लुसिफराच्या पतनाची कथा ओवीबद्ध मराठीत आली आहे.

'अनंत' हा शब्द आपण फार सहज उच्चारतो, म्हणून त्यावर थोडं थांबू. पुराणांच्या हिशेबात ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. असे हजार दिवस एखादा जीव जळत राहिला, मग आणखी लाख दिवस, तरी त्याची उरलेली शिक्षा पहिल्या क्षणी होती तेवढीच असते. तिच्यातून काहीच वजा होत नाही. लांब शिक्षा आणि अनंत शिक्षा यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही. लांब शिक्षेतून माणूस काही शिकून बाहेर पडू शकतो. अनंत शिक्षेतून कुणी बाहेर पडत नाही, त्यामुळे ती सुधारण्यासाठी असू शकत नाही. आणि जगाचा शेवट होऊन गेलेला असल्याने तिच्या धाकाने सावध व्हायलाही कुणी उरलेलं नसतं. उरतं ते फक्त दुःख देणं.

गोऱ्ह्यांचा आक्षेप आपल्या दर्शनपरंपरेतून सरळ आलेला होता. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सूत्र आहे, 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्'. जगात कुणी सुखी, कुणी दुःखी. मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का, या शंकेचं ते उत्तर आहे: नाही, कारण तो ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो. या उत्तराच्याही अडचणी आहेत. जन्मतः वाट्याला आलेल्या दुःखाला 'तुझंच कर्म' म्हणून जातीची उतरंड पवित्र करून घेण्याचं पाप याच उत्तराच्या आडून झालं. म्हणून आपला नरक बरा आणि त्यांचा वाईट, एवढं म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही. शिवाय मध्वाचार्यांच्या द्वैतमतात तर काही जीव स्वभावतःच 'तमोयोग्य' मानले आहेत, ज्यांना अंधतमसातून कधीच सुटका नाही. म्हणजे कायमचा नरक भारतीय मातीतही उगवला आहे. माध्व संप्रदायाची घरं दक्षिण महाराष्ट्रातही आहेत. पुढे जे लिहिलं आहे ते त्यालाही लागू आहे.

बचाव काय सांगतो

ऑगस्टीनचा मुद्दा असा: शिक्षेचा काळ आणि गुन्ह्याचा काळ सारखा असतोच कुठे? खून क्षणात होतो, कैद वर्षानुवर्षं चालते. हे खरं आहे, आणि 'साठ वर्षांच्या पापाला अनंत काळ' एवढंच म्हणणाऱ्याला याने गप्प करता येतं. शिक्षेचं माप काळ हे नसून केलेल्या अपायाची खोली हे आहे. पण मग अपाय तरी मोजू. इतिहासातला सर्वांत क्रूर हुकूमशहा घ्या. त्याने मारलेल्या प्रत्येक माणसाची वेदना, मागे राहिलेल्या प्रत्येकाचा आकांत, सगळ्याची बेरीज करा. ती छाती फोडणारी असेल, पण तिला शेवटचा आकडा असेल. अनंत शिक्षा तो आकडा ओलांडून जाईल आणि तिथून पुढे चालतच राहील. आणि ही गोष्ट हुकूमशहाची झाली. ज्याने फक्त वेगळ्या देवापुढे दिवा लावला त्याचं काय?

इथे अकराव्या शतकातल्या अॅन्सेल्मची परंपरा पुढे येते. पाप किती मोठं हे ते कुणाविरुद्ध केलं यावर ठरतं. देवाची थोरवी अनंत, म्हणून त्याच्याविरुद्धचा छोटा अपराधही अनंत. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हा वजनदार युक्तिवाद मानला जातो. मराठी वाचकाला मात्र हे तत्त्व ओळखीचं वाटायला हवं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला शिवी देणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण दंड सांगितला आहे, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, आणि शूद्राला शारीरिक शिक्षा. शब्द तोच, पण बोलणारा जितका खालचा आणि ऐकणारा जितका वरचा, तितका गुन्हा मोठा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे जाळलं त्यात हाही हिशेब होता. दुखावलेल्याच्या दर्जावरून शिक्षा ठरवणं हा अन्याय आहे, हे आपण फार मोठी किंमत मोजून शिकलो आहोत. आता तेच तत्त्व आकाशात नेऊन त्याला अनंताने गुणलं तर ते न्याय कसं होईल? मला तर उलट वाटतं. जो खरोखर थोर आहे तो क्षुल्लक अपमानाने कमी दुखावतो.

तिसरा बचाव आधुनिक आणि जास्त माणुसकीचा. देव कुणाला ढकलत नाही, माणूसच देवाला कायमचं नाकारतो. विसाव्या शतकातले लेखक सी. एस. लुईस यांनी म्हटलं की नरकाची दारं आतून बंद आहेत. हा विचार मांडणाऱ्यांच्या मनात क्रौर्य नाही हे उघड आहे. पण गच्चीच्या कठड्यावर चढलेलं पोर 'मला उतरायचं नाही' म्हणालं, तर 'त्याची मर्जी' म्हणून कोणते आईबाप घरात जाऊन बसतात? पूर्ण जाणतेपणाने, कुठलाही भ्रम नसताना, कुणी अनंत यातना निवडेल असं मानणंच अवघड आहे. जो निवडतो त्याला काहीतरी दिसत नसणार, आणि ज्याला दिसत नाही त्याची निवड स्वतंत्र नाही. शिवाय दार आतून बंद असेल तर ते मेल्यानंतर हजार वर्षांनीही आतून उघडता यायला हवं. मृत्यूनंतर पश्चात्ताप चालणार नाही, ही मुदत त्या जिवाने घातलेली नाही.

मानणं, गौरवणं, शिकवणं

इथे कुणी म्हणेल, सिद्धांत चुकीचा असेल, पण नुसतं मानण्यात अनीती कसली? विश्वास काही आपण बाजारातून निवडून आणत नाही. तो घरातून, भाषेतून, भीतीतून आपल्यात येतो. हे मला मान्य आहे. लहानपणापासून जिच्या मनावर हे बिंबवलं गेलं आणि जी रात्री आपल्या नास्तिक मुलासाठी रडत प्रार्थना करते, त्या आईला अनीतिमान म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. तिने तो विश्वास स्वीकारलेला नाही, ती तो सोसते आहे.

पण त्याच विश्वासाला 'हे योग्यच आहे, हे देवाचं मोठेपण आहे' म्हणणं ही वेगळी कृती आहे, आणि तिची जबाबदारी आपली असते. जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ मध्ये हीच रेघ ओढली. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: माझ्या आसपासच्या माणसाला ज्या अर्थाने मी चांगला म्हणतो, त्या अर्थाने जो चांगला नाही, त्याला मी चांगला म्हणणार नाही; आणि तसं न म्हटल्याबद्दल तो मला नरकात पाठवू शकत असेल, तर मी नरकात जाईन. 'देवाचा न्याय आपल्या न्यायापेक्षा वेगळा असतो' असं म्हणून सुटू पाहणाऱ्यांना हे उत्तर आहे. वेगळा म्हणजे उलटा असेल, तर 'देव न्यायी आहे' या वाक्यात काहीच उरत नाही.

डार्विनसाठी हा प्रश्न घरातला होता. १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने म्हटलं की ख्रिस्ती धर्म खरा असावा अशी इच्छा तरी कुणी का करावी हे मला कळत नाही. तो खरा असेल तर माझे वडील, माझा भाऊ आणि माझे बहुतेक सगळे जिवलग मित्र अनंतकाळ शिक्षा भोगतील, आणि हा सिद्धांत निंद्य आहे. त्याची पत्नी एमा श्रद्धाळू होती. तिला हे शब्द असह्य झाले आणि १८८७ च्या आवृत्तीतून ते गाळले गेले. त्याची नात नोरा बार्लो हिने १९५८ मध्ये संपूर्ण मजकूर छापला तेव्हा ते जगासमोर आले. डार्विन इथे पुरावा नाही असं म्हणत नाही. तो विचारतो की तुम्ही कशाची इच्छा करताय? त्याच्या दृष्टीने नरकात जाणारी माणसं नावानिशी होती, त्याच्या जेवणाच्या टेबलावरची होती.

अमेरिकन तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस २००१ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये, एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला युक्तिवाद सोप्या शब्दांत असा: समजा एक सज्जन शेजारी आहे. स्वतः मुंगीही मारत नाही, पण छळछावण्या चालवणाऱ्या हुकूमशहाची मनोभावे भक्ती करतो, आणि छावण्यांत काय चालतं हे त्याला माहीत आहे. आपण त्याला निष्पाप म्हणू का? नाही. मग ज्याला ठाम वाटतं की देव आपल्याच शेजाऱ्याला अनंतकाळ यातना देणार आहे, आणि तरी जो त्याबद्दल देवाची स्तुती करतो, त्याच्यावर तोच डाग का येऊ नये?

लुईस इथे एका टोकाला जातो असं मला वाटतं. बहुतेक श्रद्धाळू नरकाकडे सरळ बघतच नाहीत. त्यांची भक्ती करुणेवर, क्षमेवर, शुभवर्तमानातल्या त्या हरवलेल्या मुलाच्या गोष्टीवर असते, आणि नरक कुठेतरी अडगळीत पडलेला असतो. त्यांना छावणीच्या समर्थकाशेजारी बसवणं अन्याय होईल. पण जे त्याकडे सरळ बघतात आणि तरी धन्यवाद देतात, त्यांच्याबद्दल लुईसला उत्तर देणं मला जमलेलं नाही.

तिसरी कृती शिकवण्याची, आणि सर्वांत मोठा अपराध मला इथे दिसतो. एकोणिसाव्या शतकात जॉन फर्निस नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू इंग्लंड-आयर्लंडमध्ये खास मुलांसाठी प्रवचनं देत आणि पुस्तिका लिहीत. त्यांच्या नरकदर्शनाच्या पुस्तिकेत एक मूल तापून लाल झालेल्या भट्टीत आहे. ते बाहेर येण्यासाठी किंचाळतं, आगीत पिळवटतं, भट्टीच्या छतावर डोकं आपटतं, चिमुकले पाय आपटतं. आणि त्यापुढे लेखक सांगतो की देव या मुलावर फार दयाळू होता. ते मोठं होऊन आणखी वाईट झालं असतं आणि त्याला आणखी कठोर शिक्षा झाली असती, म्हणून देवाने त्याला लहानपणीच उचललं. ही पुस्तिका वरिष्ठांच्या परवानगीने छापली गेली आणि मुलांच्या हातात पडली. फर्निस वैयक्तिक आयुष्यात दुष्ट होते असं मानायचं कारण नाही. मुलांना वाचवतो आहोत अशीच त्यांची समजूत असणार. पण 'दयाळू' या शब्दाचं त्या वाक्यात काय झालं ते पाहा. ते वाचलेलं मूल पुढे जेव्हा जेव्हा दया हा शब्द ऐकेल, तेव्हा त्याला काय आठवेल? तेलाच्या कढईचं चित्र शेंडेफळाला दाखवून 'खोटं बोललास तर असं होईल' म्हणणारे आपल्या घरातले लोकही याच रांगेत उभे आहेत.

युधिष्ठिर काय करतो

कायमचा नरक मानला की एक अवघड प्रश्न येतो: स्वर्गातल्या माणसांचं काय? आई स्वर्गात आणि मूल नरकात असेल तर तो स्वर्ग तिला कसा लागेल? थॉमस अक्वायनसच्या मोठ्या ग्रंथाला त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच आधीच्या लिखाणातून एक पुरवणी जोडली गेली. तिच्यातलं उत्तर असं की धन्य आत्म्यांना नरकातल्यांच्या यातना नीट दिसतील, म्हणजे त्यांना स्वतःच्या सुखाचा जास्त आनंद होईल, आणि त्या पापी जिवांबद्दल त्यांना कणव वाटणार नाही. अक्वायनस हा मोठा आणि सौम्य विचारवंत होता. इतका चांगला माणूसही या निष्कर्षापर्यंत आला, कारण सिद्धांताने दुसरी वाट ठेवली नव्हती. अनंत नरक टिकवायचा तर स्वर्गातून कणव काढूनच टाकावी लागते.

महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात नेमका हाच प्रसंग आहे आणि तो दुसऱ्या बाजूला वळतो. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो तर समोर दुर्योधन तेजाने झळकत बसलेला. भाऊ कुठेच नाहीत. 'जिथे ते असतील तिथे मला न्या,' तो म्हणतो. देवदूत त्याला एका वाटेने नेतो. वाटेत रक्तामांसाचा चिखल, केस, किडे, माश्या, प्रेतांची दुर्गंधी. तलवारीसारख्या पानांचं वन, उकळत्या पाण्याची नदी. युधिष्ठिराला सोसवेना आणि तो मागे वळतो. तेवढ्यात अंधारातून आवाज येतात: घटकाभर थांब, तू आलास तशी तुझ्या अंगावरून आलेल्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतं आहे. 'तुम्ही कोण?' तो विचारतो. 'मी कर्ण.' 'मी भीम.' 'मी अर्जुन.' द्रौपदीचा आवाज येतो. मग तो देवांची आणि धर्माचीही निंदा करतो, आणि दूताला सांगतो: ज्यांचा तू दूत आहेस त्यांच्याकडे परत जा, मी इथेच राहणार, माझ्यामुळे माझ्या माणसांना सुख होतं आहे.

पुढे तो सगळा देखावा होता हे कळतं, आणि कथा सुखाने संपते. मला महत्त्वाचा वाटतो तो देखावा आहे हे माहीत नसतानाचा निर्णय. देवांनी त्याला तिथून हाकललं नाही. त्याचं तिथे थांबणं हीच त्याच्या धर्माची परीक्षा होती आणि तो तिच्यात उतरला.

'आपण कोण ठरवणारे?'

आता पुन्हा गोऱ्ह्यांकडे. त्यांचं धर्मांतर लोभाचं नव्हतं. जात, घर, मान सगळं गेलं. पुढे ते इंग्लंडला जाऊन आले, षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला, पौरोहित्य स्वीकारलं आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या लोकांशी वाद घालताना त्यांची भूमिका साधारण अशी असे: प्रकटीकरण, म्हणजे देवाने स्वतः उघड केलेलं सत्य, खरं आहे हे एकदा पटलं की त्यातलं आपल्याला रुचेल तेवढं ठेवून बाकीचं फेकता येत नाही. प्रामाणिक माणसाची ही भूमिका आहे. तिच्यात सोयीस्करपणा नाही, आणि म्हणूनच ती खोडून काढणं अवघड आहे.

पण देव चांगला आहे हे आपण कशावरून ओळखतो? ज्या सदसद्विवेकाने करुणा ओळखून गोऱ्हे ख्रिस्ताकडे ओढले गेले, तोच विवेक भट्टीतल्या मुलाचं चित्र पाहून 'हे चूक आहे' म्हणतो. पहिल्या वेळी त्याची साक्ष घ्यायची आणि दुसऱ्या वेळी त्याला गप्प करायचं, हे कसं? ज्यांच्या मनावर गोऱ्ह्यांचा मोठा प्रभाव होता त्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि दोनच वर्षांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना लिहून कळवलं की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण कुणा धर्मगुरूच्या वा बिशपच्या तोंडून पडलेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. त्या आयुष्यभर ख्रिस्ती राहिल्या आणि आयुष्यभर हा हक्क त्यांनी सोडला नाही. श्रद्धा ठेवूनही विवेक जागा ठेवता येतो याचं याहून चांगलं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

नरकाच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं, आणि ते धर्मशास्त्र्यांचं नाही. ज्याच्या लेकीला मारणारे सुटले, ज्याची जमीन गिळणारा सत्कार घेत हिंडतो, तो म्हणतो, 'वर तरी न्याय होईल.' त्याच्याकडून हे काढून घेणारे आपण कोण? मी काढून घेऊ इच्छित नाही. पण त्याला काय हवं आहे ते नीट ऐकलं तर ते असं असतं: जे झालं ते सगळ्यांसमोर खरं म्हणून मान्य व्हावं, करणाऱ्याला आपण काय केलं ते कळावं, ते त्याला लागावं. हे सगळं होण्यासाठी शिक्षा कठोर असावी लागेल, कदाचित फार लांबही. ती न संपणारी असायची गरज मात्र कुठेच येत नाही. उलट, करणाऱ्याला खरोखर कळलं तर तो बदललेला असेल, आणि बदललेल्या माणसाला जाळत राहण्यात त्या बापालाही काही मिळणार नाही.

चर्चच्या आतही हा वाद कधी थांबला नाही. १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने एफ. डी. मॉरिस या प्राध्यापकाला काढून टाकलं, कारण त्याने अनंत शिक्षेच्या रूढ अर्थावर शंका घेतली. १८६४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे अशा खटल्यांतल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायमंडळाने, निकाल दिला की दुष्टांनाही शेवटी क्षमा मिळेल अशी आशा व्यक्त करणं हा इंग्लंडच्या चर्चमध्ये गुन्हा होत नाही. १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीच्या व्यासपीठावरून रूढ नरककल्पनेवर टीका करणारी जी प्रवचनं गाजली, ती देणारे फ्रेडरिक फरार हे १८३१ मध्ये मुंबईत जन्मलेले, मिशनऱ्याचे चिरंजीव. १९९५ मध्ये त्याच चर्चच्या सिद्धांत आयोगाने नरक म्हणजे अनंत छळ हे चित्र बाजूला सारून अस्तित्वाचाच अंत असा अर्थ पुढे ठेवला.

कॅथलिक चर्चने सिद्धांत कायम ठेवला आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात नरक आहे आणि तो सार्वकालिक आहे असं स्वच्छ लिहिलं आहे. पण संतपदाला चढवलेल्यांची नावं चर्च जाहीर करतं, आणि नरकात गेलेला म्हणून आजवर एकाही माणसाचं नाव त्याने अधिकृतपणे घेतलेलं नाही. आत्महत्या करणाऱ्यांना १९१७ च्या चर्च-कायद्याने धार्मिक दफन नाकारलं होतं. १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिलं नाही, आणि धर्मशिक्षण ग्रंथ आता सांगतो की अशा माणसांच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. फक्त देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. नियम तसाच ठेवून, समोर खरा माणूस आणि त्याची रडणारी आई आली की त्याला तो लावायचा नाही, इथपर्यंत चर्च आलं आहे. मग वर्गात बसलेल्या, अजून कुणाचं काही बिघडवलेलं नसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तरी तो का लावावा?